पुण्यातून युरोपला: शेंगेन व्हिसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा परदेशी गेले ती जर्मनीला, नातवाच्या बारशाला. नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले होते, तरी स्वतःची व्हिसाची फाइल लावताना मला रात्र रात्र झोप नव्हती. त्यानंतर कोथरूडच्या आमच्या सोसायटीतून, आणि आता कर्वेनगर, सिंहगड रोडवरूनही कोणी ना कोणी कागदांची पिशवी घेऊन घरी येतं. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते.

व्हिसाची फाइल म्हणजे तुमच्या घराचा जमाखर्च आणि तुमचा जाण्या-येण्याचा बेत. तो अशा माणसासमोर मांडायचा असतो, जो तुम्हाला कधी भेटलेला नाही आणि ज्याच्याकडे फार वेळ नाही. प्रत्येक कागदाने दुसऱ्या कागदाला दुजोरा दिला पाहिजे. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

शेंगेन म्हणजे नक्की कोणते देश? अख्खा युरोप का?

अख्खा नाही. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एक गाव. आपसातल्या सीमांवरची तपासणी बंद करण्याचा करार तिथे १४ जून १९८५ रोजी झाला. आज त्यात २९ देश आहेत. युरोपीय संघातले २५, आणि संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड व लिक्टनश्टाइन. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आला. रुमानिया आणि बल्गेरिया आधी विमान व जहाजाच्या प्रवासापुरते मार्च २०२४ मध्ये आले आणि १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले.

इंग्लंड यात नाही, आयर्लंड नाही, सायप्रसही नाही. ‘युरोपचा व्हिसा आहे, लंडनला जाऊन येऊ’ असं म्हणणारे दर उन्हाळ्यात भेटतात. लंडनसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो.

आम्हाला पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली बघायचंय. अर्ज कोणाकडे करायचा?

जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला पाच आणि इटलीत चार असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे, मग विमान पॅरिसला उतरलं तरी चालेल.

इथे एक चूक सर्रास होते. मे महिन्यात एका देशाच्या तारखा मिळत नाहीत, म्हणून ‘ज्याची तारीख मिळतेय त्याच्याकडे टाका’ असं कोणीतरी सुचवतं आणि हॉटेलांची बुकिंग तशी दाखवली जाते. प्रत्यक्षात जायचं भलतीकडेच असतं. यामुळे पुढच्या वेळी, किंवा सीमेवरच, अवघड प्रश्न येऊ शकतात. तारीख मिळत नसेल तर प्रवास पुढे ढकला, किंवा खरोखरच त्या दुसऱ्या देशात जास्त दिवस राहा.

पासपोर्टमध्ये काय बघायचं?

तीन गोष्टी. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. त्यात दोन पानं कोरी असावीत. मुदत थोडीच उरली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढा, मग व्हिसाचा विचार करा. पुण्यात पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे आणि प्रादेशिक कार्यालय बाणेरला. पोलीस पडताळणीसाठी वेळ हाताशी ठेवा. भाड्याचं घर बदललं असेल आणि आधारवर जुना पत्ता असेल तर तो आधी दुरुस्त करा.

जुन्या पासपोर्टवर कुठलाही व्हिसा असेल, अगदी दुबईचा किंवा थायलंडचा, तर तो पासपोर्टही सोबत न्या. तुम्ही गेलात आणि वेळेवर परत आलात, याचा तो पुरावा असतो.

माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आहे, पॅनवर माहेरचं. बँकेत तिसरंच. चालेल का?

या प्रश्नाला मी जास्त वेळ देते, कारण आपल्याकडच्या बायकांची निम्मी अडचण इथे असते. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं. काही कागदांवर ‘बाई’ आहे, काहींवर नाही. आपल्याला यात वावगं काही वाटत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र तीन कागदांवर तीन वेगळ्या बायका दिसतात.

पासपोर्टवरचं नाव अंतिम. अर्ज, तिकीट, विमा, हॉटेल हे सगळं पासपोर्टवर अक्षरन् अक्षर जसं आहे तसंच. मधलं नाव बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून असतं. तिकिटावरही ते तसंच जोडून घ्या. विमान कंपनी दोन्ही नावं सलग छापते, त्याला घाबरू नका.

उरलेल्या कागदांचं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. नाव राजपत्रातून बदललं असेल तर राजपत्राची प्रत. शेंगेनच्या अर्जात जन्मावेळचं आडनाव विचारणारा वेगळा रकाना असतो, तिथे माहेरचं आडनाव लिहा. तो रकाना मोकळा सोडून आलेल्या कितीतरी काकूंचे अर्ज मी पुन्हा भरून दिले आहेत. आणि सोबतच्या पत्रात एक सरळ वाक्य लिहा: ‘माझं लग्नाआधीचं नाव असं होतं, पॅन कार्डावर तेच आहे.’

तयारी कधी सुरू करायची?

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, पण जास्त छाननी लागली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतात. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारीतच तारीख घ्या. दिवाळीच्या सुट्टीसाठी गणपतीची वाट बघू नका.

त्या काळात पासपोर्ट वकिलातीकडे असतो. मधेच कोणाच्या लग्नाला दुबईला जायचं ठरवू नका.

हे काम पुण्यातच होतं का, की मुंबईला जावं लागतं?

देशावर अवलंबून आहे. बरेच देश अर्ज स्वतः घेत नाहीत, व्हीएफएससारख्या कंपनीच्या केंद्रामार्फत घेतात. काही देशांची केंद्रं पुण्यात आहेत, काहींसाठी मुंबई गाठावी लागते. त्या त्या देशाच्या संकेतस्थळावर शहर निवडताना हे दिसतं. केंद्र फक्त कागद आणि ठसे गोळा करतं. व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलात ठरवते. म्हणून केंद्रात ज्यादा पैसे भरून आरामकक्ष किंवा एसएमएसची सेवा घेतली, तर सोय होईल, पण निर्णयावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. ज्येष्ठांना बसायला बरं म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

खर्च किती येतो?

११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना काही नाही. रुपयांत भरायचे असतात. त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत.

खात्यात किती पैसे असले म्हणजे व्हिसा मिळतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तीस वर्षं बँकेत काढलेली बाई म्हणून यावर मी जरा पोटतिडकीने बोलते.

अमुक लाख म्हणजे व्हिसा पक्का, असा आकडा नसतो. दिवसाला किती खर्च धरायचा हे प्रत्येक देश ठरवतो. पण अधिकारी शिल्लक रकमेच्या आधी खात्याची चाल बघतो. पगार किंवा निवृत्तिवेतन महिन्याच्या ठरावीक दिवशी येतंय का, विजेचं बिल, किराणा, हप्ते जातायत का, महिनाअखेरीस काही उरतंय का. अशा खात्यात तीन लाख असले तर ते तुमचे वाटतात. ज्या खात्यात सहा महिने वीस हजार पडून होते आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम पाच लाख आले, ते कोणाकडून तरी उसने घेतलेले वाटतात. आणि बहुतेक वेळा ते तसेच असतात.

मुलाने पैसे पाठवले असतील तर लपवू नका. त्याच्या खात्याचा उतारा जोडा आणि पत्रात लिहा की प्रवासाचा खर्च मुलगा करतोय. मुदत ठेव मोडून पैसे आले असतील तर ठेव मोडल्याची पावती जोडा. प्लॉट विकला असेल तर खरेदीखत. मोठ्या रकमेला तिची गोष्ट जोडलेली असली की ती संशय निर्माण करत नाही.

मुदत ठेवी, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड हे सगळं पूरक म्हणून जोडा, पण चालू बचत खात्याच्या उताऱ्याची जागा ते घेत नाहीत. उतारा बँकेच्या सही-शिक्क्याचा घ्या. किती महिन्यांचा ते यादीत दिलेलं असतं. कुठे तीन, कुठे सहा. नोकरदार असाल तर पगारपत्रकं, रजा मंजुरीचं पत्र आणि आयकर विवरणपत्रं. रजा मंजुरीच्या पत्रावरच्या तारखा आणि विमानाच्या तारखा जुळल्या पाहिजेत. ११ ते २० मे रजा आणि परतीचं विमान २३ मेचं, अशी फाइल मी स्वतः परत पाठवली आहे.

आम्ही शेतकरी आहोत. आयकर विवरणपत्र भरत नाही. मग?

मुळशी-भोरकडची माणसं हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा चेहऱ्यावर उगीचच अपराधी भाव असतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. सातबारा आणि आठ-अ चे उतारे, त्यांचं इंग्रजी भाषांतर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, ऊस किंवा दुधाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात त्याचा उतारा. जमीन नावावर असणं ही तुम्ही परत येणार याची फार मोठी खूण आहे, ती पत्रात ठळकपणे सांगा.

मुलगी तिकडे असते. तिचं आमंत्रणपत्र पुरेसं आहे का?

साधं पत्र लागतंच, त्यासोबत तिचा पासपोर्ट, राहण्याचा परवाना, पत्त्याची नोंद आणि पगाराचे कागद. पण काही देशांना सरकारी नमुन्यातला कागद हवा असतो. खर्चाची हमी मुलगी घेणार असेल तर जर्मनीत तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन ‘फेअरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ नावाचं हमीपत्र घ्यावं. त्याची फी २९ युरो आहे. ते मूळ प्रतीतच लागतं, म्हणून वेळेत कुरियर करायला सांगा. फ्रान्समध्ये मुलीच्या घरी राहणार असाल तर तिने तिथल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासियाँ दाकय’ मिळवायचं.

नातं सिद्ध करायला मुलीचा जन्मदाखला किंवा तिच्या पासपोर्टवरचं आई-वडिलांच्या नावाचं पान. इथेही नावांची स्पेलिंग तपासा. ‘जोशी’ एका कागदावर वायने, दुसऱ्यावर आयने संपत असेल तर लिहून खुलासा करा.

तिकीट आणि हॉटेल आधी काढायचं का? एजंट म्हणतो डमी देतो.

तिकीट व्हिसाआधी विकत घेण्याची गरज नाही. आरक्षण चालतं. हॉटेलही विनामूल्य रद्द करता येणारं घ्या. पण ते खरं असू द्या, तुमच्या नावाने, आणि निर्णय येईपर्यंत चालू राहू द्या.

हे आमच्यावर बेतलेलं आहे. यजमानांसोबत एकदा आम्ही फक्त फिरायला निघालो होतो आणि सगळं एका एजंटावर सोपवलं. त्याने हॉटेलांची आरक्षणं जोडली आणि फाइल जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी परस्पर रद्द करून टाकली. वकिलातीने तपासलं असणार. नकार आला, आणि कारणांत खूण होती: मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. यजमानांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. ‘आपल्याला कोणी खोटं म्हटलं’ हे त्यांना फार लागलं. अर्जावर सही आमचीच होती, त्यामुळे जबाबदारीही आमचीच. एजंटाकडे जायला हरकत नाही, माझ्या ओळखीत चोख काम करणारे आहेत, पण सही करण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा.

विमा कोणता लागतो?

किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, रुग्णालयाचा खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारं, आणि प्रवासाचे सगळे दिवस व्यापणारं. हे झालं व्हिसापुरतं. आई-बाबांना रक्तदाब, मधुमेह असेल किंवा अँजिओप्लास्टी झालेली असेल तर ते विमा घेताना सांगा, आणि आधीपासूनच्या आजारात किती रक्कम मिळते ते वाचा. स्वस्त पॉलिसीत इथेच कात्री लागलेली असते. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळेल का, हेही आधी विचारून घ्या.

बोटांचे ठसे दर वेळी द्यावे लागतात का?

एकदा दिले की ५९ महिने चालतात, तरी पुन्हा बोलावण्याचा हक्क त्यांना आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे नाहीत. घरात लग्न असेल तर तारीख मेंदीच्या आधीची घ्या. बोटांच्या टोकांवर मेंदी असली की यंत्राला रेषा दिसत नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात, त्यांना आठवडाभर रात्री हाताला तेल किंवा क्रीम लावायला सांगा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओत ‘शेंगेनचा फोटो’ म्हटलं की समजतं.

मुलीचं बाळंतपण आहे. सहा महिने राहता येईल का?

नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सहा महिने मिळतात, म्हणून सगळ्यांना वाटतं युरोपातही मिळतील. शेंगेनच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आलात तो दिवस आणि निघालात तो दिवस, दोन्ही मोजतात. देश बदलला म्हणून गणती नव्याने सुरू होत नाही. सगळे २९ देश मिळून ते ९० दिवस आहेत.

उदाहरण घ्या. आई १ मेला पोचली आणि २९ जुलैला निघाली, तर तिचे बरोबर ९० दिवस संपले. आता ती पुन्हा कधी येऊ शकते? तिचा पहिला दिवस १८० दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडेल तेव्हा, म्हणजे २८ ऑक्टोबरला. त्यासाठी हातात चालू व्हिसा मात्र हवा.

म्हणून आपल्याकडची कुटुंबं हे आधीच बसून ठरवतात. एक आजी बाळंतपणाला जाते आणि तीन महिने राहते, ती निघायच्या आठवड्यात दुसरी पोचते. कोण आधी, यावरून घरात थोडं हळवं होतं, ते साहजिक आहे. पहिल्या चाळीस दिवसांत आई हवी असते असं मला वाटतं, पण ते त्या मुलीला विचारा. नातवंडाला सांभाळणं ही घरची गोष्ट आहे, त्याला कोणी हरकत घेत नाही. पैसे घेऊन काम करणं मात्र या व्हिसावर चालत नाही.

अर्जात बाळंतपणाचं कारण लिहायला लाजू नका. ‘टूरिझम’ लिहून तीन महिने एकाच घरी राहण्याचा बेत दाखवला, की विसंगती तिथेच दिसते. कुटुंबाची भेट असं लिहा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेचा कागद जोडा.

व्हिसा आला. त्यावर मुदत ८ जूनपर्यंत आहे, आमचं परतीचं तिकीट २४ मेचं. मग थोडं जास्त राहू का?

नाही! स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हा व्हिसा वापरता येईल. दोन, त्या काळात एकूण किती दिवस राहता येईल. विमान चुकलं, बेत सरकला, तर सोय म्हणून तारखांत पंधरा दिवसांची सवलत धरलेली असते. १० ते २४ मे असा बेत असेल तर मुदत ८ जूनपर्यंत दिसेल, पण मुक्कामाचे दिवस १५ असतील. १५ म्हणजे १५.

व्हिसा हातात आला की केंद्राच्या बाहेरच उभं राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, दिवस आणि किती वेळा आत जाता येईल हे तपासा. चूक असेल तर तेव्हाच सांगा.

‘एन्ट्री’पुढे १ लिहिलंय. मधे लंडनला जाऊन परत पॅरिसला आलो तर?

परत आत घेणार नाहीत. शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकलं की ती एक फेरी संपली. असा बेत असेल तर अर्जातच दोन किंवा अनेक फेऱ्या मागा आणि ब्रिटनचा व्हिसा आधी काढून त्याची प्रत जोडा.

मी मुलाला घेऊन एकटी जातेय, नवरा इथेच आहे.

नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र, मुलाचा जन्मदाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत. घटस्फोट झालेला असेल तर ताबा कोणाकडे हे सांगणारा न्यायालयाचा आदेश. त्याच्या प्रती प्रवासातही हाताशी ठेवा.

नकार आला. आता संपलं का?

अजिबात नाही. नकार म्हणजे बंदी नव्हे. ठरावीक नमुन्यातलं पत्र येतं, त्यात कारणांच्या यादीपुढे खुणा असतात. ते पत्र रागाने फाडू नका. पुरेसे पैसे दिसले नाहीत, मुक्कामाचा हेतू पटला नाही, परत याल याबद्दल शंका आहे, यांपैकी काय आहे ते बघा. पैशाचं कारण असेल तर उताऱ्यांनी उत्तर द्या. परत येण्याबद्दल शंका असेल तर इथे काय काय तुम्हाला धरून आहे ते दाखवा: घर, नोकरी, शेती, शिकणारी मुलं, म्हातारे आई-वडील.

दाद मागण्याचा हक्क आहे, आणि ती ज्या देशाने नकार दिला त्याच्या कायद्याने मागायची. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय बंद केली. आता नवा अर्ज करायचा किंवा तिथल्या न्यायालयात जायचं. साध्या प्रवाशाला नवा, सुधारलेला अर्ज हाच व्यवहार्य मार्ग. तीच फाइल दुसऱ्या देशाकडे टाकून बघू, हे करू नका. नकाराची नोंद सामायिक यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते आणि सगळ्यांना दिसते. आमच्या त्या नकारानंतर चार महिन्यांनी आम्ही दोघांनी स्वतः अर्ज लिहिला, काय घडलं ते पत्रात जसंच्या तसं सांगितलं, आणि व्हिसा मिळाला. यजमानांनी तो पासपोर्ट देवापुढे ठेवला होता.

दोन वर्षांचा व्हिसा मिळतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केला. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टला तेवढी मुदत हवी. ९० दिवसांची मर्यादा या व्हिसावरही तशीच लागू असते, हे आजी-आजोबांना दोनदा सांगा.

तिकडे विमानतळावर शिक्का मारत नाहीत आता?

१२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. शिक्क्याच्या जागी चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते. आपले ठसे व्हिसाच्या वेळी दिलेले असतात, ते पडताळतात. आता दिवसांची मोजणी यंत्र करतं, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी ते लपत नाही. रांगेत वेळ जातो, म्हणून पुढचं विमान किंवा रेल्वे अगदी लगतची घेऊ नका.

एटिआस नावाच्या परवान्याबद्दल विचारतात. तो व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या लोकांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

लेकीसाठी काय काय नेता येईल?

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बंद. घरचं तूप, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड, पनीर हे काही नेऊ नका, सीमाशुल्कवाले काढून घेतात. ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद फक्त अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे हापूसची पेटी नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, लेक सहा महिने आंब्याची वाट बघत होती. मग मी आंबापोळी नेली.

बाकरवडी, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पापड, डिंक, खारीक हे सीलबंद पाकिटात आणि घरापुरतं असेल तर अडचण येत नाही. सुट्या पांढऱ्या पिठाच्या पुरचुंड्या टाळा, दुकानाचं लेबल असलेलं पाकीट घ्या.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कोणाला माहीत नसतात.

रोख किती न्यायची?

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीइतकंच, बाकी फॉरेक्स कार्डावर. भारतीय रुपये २५,००० पर्यंत. म्हाताऱ्या माणसांना मी दोनशे-तीनशे युरो सुट्ट्या नोटांत द्यायला सांगते, तेवढे पुरतात.

तिकडे आजारी पडलो आणि ठरल्या दिवशी निघता आलं नाही तर?

व्हिसा संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जा, डॉक्टरांचं पत्र दाखवा. रुग्णालयात असणं, विमानं बंद पडणं अशा हाताबाहेरच्या कारणासाठी मुक्काम वाढवून मिळतो आणि त्याला फी नसते. गप्प बसून राहणं हे सगळ्यात वाईट. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार, मग भारतीय वकिलात. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत फोनमध्ये आणि घरी कोणाकडे तरी असू द्या.

आईला इंग्रजी येत नाही. एकटी जाऊ शकेल का?

जाऊ शकेल. माझ्याकडे आलेल्या सगळ्यात निश्चिंत प्रवासी म्हणजे धायरीच्या एक आजी, वय ७४, इंग्रजीचं अक्षर नाही. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा, चालता येत असलं तरी. मग मुंबईला आत शिरल्यापासून उतरल्यावर दारापर्यंत कोणीतरी सोबत असतं. शक्यतो एकाच ठिकाणी विमान बदलावं लागेल असं तिकीट घ्या. पुण्याहून पावसाळ्यात निघणार असाल तर घाटात गाडी अडकेल हे धरून विमानाच्या सात-आठ तास आधी घर सोडा.

एका कागदावर मोठ्या अक्षरात, त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत लिहा: मी माझ्या मुलीकडे आले आहे, तिचं नाव, पत्ता, फोन, मी अमुक तारखेला परत जाणार आहे, मला मराठी आणि हिंदी येतं. सीमेवरचा अधिकारी एवढंच विचारतो. तो कागद, हमीपत्राची किंवा आमंत्रणाची प्रत, विमा आणि परतीचं तिकीट एका पारदर्शक पिशवीत घालून ती गळ्यातल्या पर्समध्ये ठेवा. मोठ्या बॅगेत नको, ती त्या वेळी हाताशी नसते.